नजरेचं माप

कोट पाठीवर गोळा झाला. कॉलरखाली एक जाड आडवी घडी पडली, पुढची कड दोन बोटं वर उचलली गेली, आणि मास्तरांनी छाती काढताच मधल्या बटणाला ओढ बसली. मास्तर आरशात बघत राहिले. एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगावर कोट चढवले होते. असला कोट त्यांच्या दुकानातून बाहेर पडला नव्हता.

मागे नात उभी होती. तोंडात टाचण्या, जीव टांगणीला. तिने एकटीने शिवलेला हा पहिलाच कोट. कपड्यांच्या कारखान्याने तिला नोकरी देऊ केली होती आणि पाचच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. तिथे दिवसभर एकच काम, डावी बाही जोडायची, संपली की पुढची डावी बाही. कोट पास झाला तर हे दुकान आणि मास्तरांची मोठी कात्री तिची. नापास झाला तर डाव्या बाह्या. आजोबा-नातीत तसं ठरलंच होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

दुकानाची रीत जुनी होती. शिकणाऱ्याने पहिला कोट मास्तरच्या अंगाचा शिवायचा, आणि तोही टेप न लावता. मास्तर दुकानात कसा उठतो, बसतो, उभा राहतो ते बघत राहायचं आणि माप नजरेत भरून घ्यायचं. मास्तरांनी स्वतः आपल्या वडिलांचा कोट असाच बेतला होता, आणि वडिलांनी तो शेवटपर्यंत वापरला. गेले दोन महिने नात समोरच्या मशीनवर बसून त्यांना न्याहाळत होती. "माझ्याकडे नीट बघ म्हणजे झालं," असं मास्तरांनीच सांगितलं होतं. आणि ती बघत होती, डोळ्यांत तेल घालून.

मास्तर उजवीकडे वळले, डावीकडे वळले. मनातून त्यांना पास म्हणायचं होतं. मुलगा-सून परगावी, बायको जाऊन चार वर्षं झालेली. ही पोर गेली की दुकानात दोन मशीनं आणि ते. संध्याकाळी एकट्याने कुलूप लावायचं. पण कोटाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना बापजन्मात जमलं नव्हतं.

"पाठ लांब झालीये," ते म्हणाले. "पुढा आखूड. हे माझं मापच नाही, पोरी. मी बघ कसा ताठ आहे. हे कुणा पोक काढलेल्या म्हाताऱ्याचं माप आहे."

"पुन्हा एकदा बघता का, आबा? जरा शांतपणे?"

"त्यात काय बघायचंय! हल्लीच्या पोरांचं लक्ष कुठे असतं ते मला ठाऊक आहे. परवाचं ते गिऱ्हाईक आठवतंय ना? माप देताना फोनमधून डोकं काढेना. शेवटी हनुवटीला धरून मान वर केली मी त्याची."

नातीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि एकेक करून डबीत टाकल्या.

तेवढ्यात टिंग झालं. मास्तर कोट न काढताच कापायच्या टेबलाशी गेले. चष्मा नाकावर ओढला, फोन उचलला. शिंप्यांचा एक ग्रुप होता, त्रेसष्ट जणांचा, आणि मास्तर त्याचे ॲडमिन. कुणीतरी तरुण पिढीच्या फोनवेडावर लांबलचक लेख टाकला होता. मास्तरांना तो इतका पटला की त्यांनी तो उभ्या-उभ्या सात ठिकाणी फॉरवर्ड केला. मग गुडघेदुखीवर एक उपाय आला. मग सायकल चालवणाऱ्या माकडाचा व्हिडिओ.

"आबा, मी काय म्हणते..."

"हं."

"पावणेपाच झालेत."

"एक मिनिट गं."

मास्तरांचं एक मिनिट केवढं असतं ते तिला चांगलं माहीत होतं. तरी ती थांबली. माकड सायकलवरून पडलं, मास्तर हसले, त्यांनी तो व्हिडिओ मुलालाही पाठवला. मधेच "येते" असं काहीतरी त्यांच्या कानावर पडलं. दाराची घंटा वाजली. कुणी गिऱ्हाईक आलं असेल, नात बघेल, असं त्यांना वाटलं.

पुन्हा टिंग झालं. या वेळी ग्रुपवरून नव्हतं, नातीकडून होतं. फोटो. समोर उभं राहून फोटो कसले पाठवते ही येडी, असं म्हणत मास्तरांनी तो बोटांनी मोठा केला.

टेबलाशी उभा असलेला एक म्हातारा बाजूने दिसत होता. पाठीला पोक, खांदे पुढे, हनुवटी छातीला टेकलेली, हातात फोन. क्षणभर मास्तरांना तो ओळखूच आला नाही. कोट मात्र लगेच ओळखला. पाठीवर एक सुरकुती नव्हती. पुढची कड सरळ रेषेत उतरली होती. कॉलर मानेला बिलगली होती. असा कोट त्यांच्या स्वतःच्या हातूनही कधी झाला नव्हता, आणि हे कबूल करताना त्यांचा ऊर भरून आला.

फोटोखाली लिहिलं होतं: "आबा, दोन महिने तुमच्याकडे नीट बघितलं. तुम्ही असेच होता. कारखान्याला हो कळवलंय."

"अगं, पास!" मास्तर ओरडले. "पास झालीस तू!"

त्यांनी मान वर केली. दुकान रिकामं होतं, समोरचं मशीन कापडाने झाकलेलं होतं, आणि कोट त्यांच्या पाठीवर पुन्हा गोळा झाला.