गळका पंप

“आई, त्यांना विचार, काटा कुठपर्यंत चढला होता?” मुलाने बॉनेटखालून डोकं वर न काढता विचारलं.

‘ते’ म्हणजे त्याचे वडील. हातभर अंतरावर उभे होते आणि त्यांचे कान चांगले शाबूत होते. तरी आई त्यांच्याकडे वळली. “काटा कुठपर्यंत चढला होता, विचारतोय.”

“चढावावर पार लाल खुणेपर्यंत. आणि हेही सांग, याने बसवलेला पंप पुन्हा गळतोय. माझी गाडी आहे, कारंजं नव्हे.”

आई पुन्हा मुलाकडे वळली. मान दुखायची तिची अशाने. गेली तीन वर्षं ती या दोघांची पोस्टमन होती आणि तेही बिनपगारी.

वडील निवृत्त हेडमास्तर. मुलाने चांगली बसून खायची नोकरी सोडली आणि जुन्या गाड्या मोडून त्यांचे पार्ट विकायचा धंदा काढला, तेव्हा घरात मोठा भडका उडाला होता. हेडमास्तरांचा मुलगा भंगारवाला! शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी हेडमास्तर म्हणाले, “माझ्या घराची पायरी चढायची नाही.” मुलगा बापाचाच. त्याने ते शब्दशः धरलं.

पण गाडी पायरीखाली, अंगणात उभी असायची. तिचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. नवा पार्ट मिळाला तर मिळाला, तोही अव्वाच्या सव्वा किमतीला. जुने पार्ट मिळायचे ते मुलाच्याच वखारीत. गाडी तापायला लागली तशी हेडमास्तरांनी नाक मुठीत धरून बायकोला फोन करायला लावला. मुलगा आला. आधी फुटका पाइप बदलला, मग रेडिएटरचं झाकण. मग वॉटर पंप, म्हणजे इंजिनभोवती पाणी फिरवत ठेवणारी वस्तू, आणि तिथे घोडं अडलं. दर वेळी तो कुठल्यातरी मोडलेल्या गाडीचा पंप आणून बसवायचा. काही आठवडे बरे जायचे. मग गाडीखाली पुन्हा थेंब दिसायचे, हेडमास्तरांची बडबड सुरू व्हायची आणि आईला पुन्हा फोन करावा लागायचा.

तिला धास्ती होती ती या बडबडीची. एक दिवस हेडमास्तर नको तो शब्द बोलतील, मुलगा पाना टाकून निघून जाईल, आणि आता निदान अंगणापर्यंत येतो तेवढंही बंद होईल. तेवढ्यावर तर तिचा जीव तगून होता. म्हणून तिने भांडणाचं मूळच उपटायचं ठरवलं. कुणाला न सांगता स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून तिने बाजारातल्या पार्टच्या दुकानातून कोरा करकरीत पंप मागवला. दुकानदाराकडून नंबर दोनदा जुळवून घेतला.

आता ती घरात गेली आणि तो खोका घेऊन आली.

“पुरे झालं तुमचं हे पंपपुराण,” ती म्हणाली. “हा घ्या नवा. दुकानदार म्हणाला, एकदा बसवला की गाडी मोडीत निघेपर्यंत बघायला नको. बसव रे, आणि मोकळा हो एकदाचा.”

दोघं खूश होतील असं तिला वाटलं होतं. मुलाने हात पुसले, पण खोका घेतला नाही. बदलीचा हुकूम हातात पडावा तसा त्याचा चेहरा उतरला. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खोक्यावरचा नंबर त्यांनी नीट वाचला. आपल्या गाडीच्या पंपाचा नंबर त्यांना पाठ होता.

मग ते घसा खाकरून म्हणाले, “काय रे, बसेल का हा आपल्या गाडीला?”

आई सवयीने मुलाकडे वळली, निरोप द्यायला तोंडही उघडलं. मग तिच्या लक्षात आलं की हे तिला सांगितलेलंच नाही.

“नाही बाबा,” मुलगा म्हणाला. “हा बसणार नाही.”

“मलाही तेच वाटलं,” हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस! “तुझ्याकडचाच एखादा बघ. जुना चालेल.”

“रविवारी आणतो.”

“ये. जेवायच्या आधी ये.”

आई खोका छातीशी धरून मध्ये उभी होती आणि तिची कुणाला गरज नव्हती. तिला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. दोघं बॉनेटखाली डोकी घालून गळका पंप बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. खोका बघून दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मावशी, नंबर दोनदा जुळवला होता आपण. बसला नाही?”

“बसला असता हो. पण आमच्याकडे जुनाच वापरायचं ठरलंय.”

“मग मुलाकडूनच न्यायचा होतात की!” दुकानदाराने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “कुणाला सांगू नका, माझ्या स्वतःच्या गाडीला त्याच्याकडचाच जुना पंप आहे. दोन वर्षं झाली, एक थेंब गळला असेल तर शपथ. त्याच्याकडचा पंप कुणाचाच गळत नाही.”

“आमचा गळतो,” आई अभिमानाने म्हणाली.