स्वारी रंगात

“सकाळपासून घोटभर चहा नाही दिला माझ्या लेकराला,” सासूबाई ऑपरेशन थिएटरच्या दारात पुटपुटत होत्या. शालनचा जीव मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या फॉर्मवर टांगलेला होता.

“पेशंट नाही म्हणतायत, पण हात थरथरतायत त्यांचे. दारू घेतात?”

शालनच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. नवरा अंगणात आडवा पडला, तरी ‘आज स्वारी रंगात आहे’ एवढंच म्हणायची रीत.

“छे हो!” धाकटे दीर हसले. “लग्नकार्यात येतो दादा जरा रंगात.”

“नीट सांगा. भुलीचं औषध त्यावर ठरतं. चुकलं तर जिवावर बेतेल.”

दीर घड्याळ बघू लागले. शालनच्या अगदी ओठांवर आलं, पण सवयीनं तिनं आधी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे वटारले, की गप्प बसायचं, हे अंगवळणी पडलेलं.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“लिहा बाई. दारू पितो तो. रोज झिंगून पडतो. काल फार घाबरला होता, म्हणून मीच आणून दिली.”