गोदामाचं दार

"मिस्त्री, दार आत उघडतंय. बाहेर उघडायला हवं," दिग्दर्शक तिसऱ्यांदा म्हणाला.

मिस्त्रींनी बिजागरीचा स्क्रू आणखी आवळला. "आतच उघडायचं."

दिग्दर्शकाचा पारा चढला. कलादिग्दर्शक म्हणजे मिस्त्रींचीच मुलगी. तिने त्याला बाजूला घेतलं. "राहू दे. बाबांनी खरं गोदाम पाहिलंय." मग तिने हलक्या आवाजात युद्धातली हकीकत सांगितली. सैनिकांनी गावातली माणसं गोदामात कोंडून जाळली होती. बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. ते त्यातून कसे वाचले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि घरात कोणाची विचारायची छातीही झाली नाही.

दिग्दर्शक एकदम नरमला. दार आतच उघडायचं ठरलं.

मालिका अंतराळातली होती. या भागात यानाच्या कप्तानाला अचानक आठवू लागतं, की आपण गावकऱ्यांना गोदामात कोंडून आग लावली. त्याची झोप उडते, घास घशाखाली उतरत नाही. शेवटी यानावरची डॉक्टर शोधून काढते, की ही आठवण त्याची नाहीच. एका यंत्राने ती त्याच्या डोक्यात घातलेली आहे.

हा शेवट मुलीने सांगितला, त्या दिवसापासून मिस्त्रींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आयुष्यात कधी माप न चुकलेला माणूस एकच फळी दोनदा चुकीची कापून बसला. जेवता जेवता उठून ते येरझाऱ्या घालायचे. आणि पुन्हा पुन्हा तेच विचारायचे, "डॉक्टर सांगते, ते त्याला पटतं?"

"पटतं ना, बाबा. रडतो आणि मोकळा होतो."

"लगेच?"

"चाळीस मिनिटांचा भाग आहे. लगेचच व्हावं लागतं."

ती हसली. ते हसले नाहीत.

आज त्याच आठवणीचं चित्रीकरण होतं. गावकरी झालेली तीसेक माणसं गोदामात शिरली. सैनिकाच्या वेशातल्या नटाने दार ओढून कडी लावायची होती. पण आतली माणसं दार खेचायची आणि कडी कोयंड्यात बसायचीच नाही. पाच वेळा फसलं. नट वैतागला. मिस्त्री कोपऱ्यात उभे राहून पँटला तळहात पुसत होते. सहाव्यांदा फसलं, तसे ते तरातरा पुढे आले.

"व्हा बाजूला."

त्यांनी एक पाय चौकटीला टेकवला. दोन्ही हातांनी दार आपल्याकडे ओढून धरलं.

"ताकद लावायची नाही. नुसतं धरून ठेवायचं. पुढचे दार आत खेचत असतात, पण मागच्यांना ते कळत नाही. ते घाबरून पुढे रेटतात. मग पुढचे दारावरच चेपले जातात आणि दार आपोआप बंद होतं." ते क्षणभर थांबले. आतून रेटा आला. दार चौकटीत घट्ट बसलं. "आता कडी."

खट्ट आवाज झाला.

"क्या बात है!" नट ओरडला. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मुलगी जागची हलली नाही. ती बाबांच्या चौकटीला टेकवलेल्या पायाकडे बघत होती. मग ती जवळ आली.

"बाबा... तुम्ही आत होतात ना?"

आतून कोणीतरी हसत हसत दार वाजवत होतं. "अहो, उघडा आता!" मिस्त्रींनी कडी काढली. घामेजलेली माणसं एकमेकांना ढकलत, थट्टामस्करी करत बाहेर पडू लागली. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत मिस्त्री एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ते मुलीकडे वळले.

"आत होते, त्यांच्यातलं कोणीच वाचलं नाही, बाळा."