गावाचा जावई अंपायर

चूक स्वतःची अन् आवाज दुसऱ्यावर, ही अंपायर दिगंबररावांची जुनीच खोड. साखरखेर्ड्याच्या पोरींचा बेसबॉलचा सामना होता. जिंकल्या तर जिल्ह्याला जाणार. शाकिरच्या मुबीनानं चेंडू असा सणकून मारला, की तो थेट दिगंबररावांच्या नडगीवर आदळून तिथंच पडला. अंपायरला लागला की खेळ थांबतो, अन् मारणारीला पहिला बेस मिळतो. पण कळवळत्या दिगंबररावांनी तिला बाद दिलं, अन् मग दिलेला शब्द काही फिरवेनात.

मुबीना रडायला लागली. चूक कोचला दिसली, सरपंचालाही दिसली, पण गावाच्या जावयाला तोंडावर चुकला म्हणावं कोणी?

कौतिकाबाई पदर खोचून मैदानात घुसल्या.

"बाहेर व्हा! निर्णय झाला," दिगंबरराव खेकसले.

"तुमचा झाला, आता माहा आयका. धोंड्याच्या महिन्यात याच पायावर म्या पाणी घातलं, जावईबापू. त्याले लागलेला चेंडू तुम्ही परक्याच्या पोरीच्या माथी मारला. तिले बेसवर उभी करा, नाही तं माह्या उंबऱ्याले तो पाय लावू नका!"