दोनशे तेरावी पट्टी

"आजपासून मानवजात कोरडी राहील!" चुलीपुढे उभं राहून थॅडियस पेल्हमने जाहीर केलं.

"मानवजातीचं नंतर बघू," त्याची बायको मेहिटाबेल म्हणाली. "आधी माझं पावाचं भांडं द्या. काय शिजवलंत त्यात?"

रबर आणि गंधक. स्वयंपाकघरात पिवळट धूर कोंडला होता आणि सहा वर्षांची लिडिया खोकत होती. थोरली मुलगी गेल्या हिवाळ्यात असंच खोकत खोकत गेली. डॉक्टर म्हणाले, छातीत धूर बसला. थॅडियस म्हणाला, हवा वाईट होती.

बॉस्टनच्या आसपास तेव्हा रबराचं वेड ओसरत चाललं होतं. रबरी बूट उन्हाळ्यात वितळत, थंडीत तडकत. स्प्रेग नावाच्या कारखानदाराने तर जुलैत परत आलेले बूट, वास सुटला म्हणून, खड्डा खणून पुरले होते. पाद्री तेवढा बोलवायचा राहिला.

थॅडियसने काळ्या पट्टीवर चाकूने नंबर कोरला: २१३. आधीच्या दोनशे बारा दाराशी टोपलीत पडल्या होत्या. ही त्याने बाहेर, बर्फात, खिळ्याला अडकवली.

"सकाळी स्प्रेग येतोय. ही लवचीक राहिली, तर कारखाना माझ्या ताब्यात देणार आहे."

"आणि तडकली तर?"

"तर पुन्हा रबर चुलीवर चढवणार नाही."

"बायबलवर हात ठेवून म्हणा."

त्याने ठेवला. तळव्याचं रबर पुठ्ठ्याला चिकटलं. हात सोडवायला मेहिटाबेललाच सुरी आणावी लागली.

पहाटे ती पाणी आणायला विहिरीवर गेली. परतली तेव्हा उजवा हात शालीत खुपसलेला.

"बोटं गारठली," म्हणाली.

नऊला स्प्रेग आला. पट्टी काढली, वाकवली. बशी फुटावी तसा आवाज झाला. नंबर वाचता येईल एवढाही तुकडा उरला नाही.

"पेल्हम, माझ्या खड्ड्यात अजून जागा आहे बरं का," म्हणत तो घोड्यावर बसला.

थॅडियसने शब्द पाळला. तो सासऱ्याच्या दुकानात खिळे विकू लागला. पावाला पावाचा वास येऊ लागला. लिडियाचा खोकला मात्र गेला नाही. फेब्रुवारीत लिडियाच गेली. जमीन खणण्याइतकी मऊ व्हायला एप्रिल उजाडला. तेव्हा तिला बहिणीशेजारी ठेवलं.

मे महिन्यात बातमी आली. पलीकडच्या परगण्यात कुणाला तरी रबर साधलं. थंडीत तडकत नाही, उन्हात वितळत नाही. गंधक घालून तापवतो म्हणे.

"मीही तेच केलं होतं," थॅडियस म्हणाला. "माझं कुठे चुकलं गं?"

मेहिटाबेल सुईत दोरा ओवत होती. तो काही लवकर ओवला गेला नाही.

जुलैत लोणी ताटलीतून वाहू लागलं. मेहिटाबेल चेरीचा मुरंबा ढवळत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट.

"अहो, माझा मोजा घसरलाय. जरा वर करून देता?"

तो गुडघ्यांवर बसला. मोज्यावरची काळी पट्टी त्याने बोटाने ओढली. ती ताणली, आणि सोडताच जागेवर जाऊन बसली. तिच्यावर चाकूने कोरलं होतं: २१३.

त्याने ती पुन्हा ताणली.

"फार ताणू नका हं," मुरंब्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "एकच आहे."