पोस्टरवरचे हात

प्रचाराच्या पोस्टरवर साहेब मोठे दिसायला हवे असतील, तर खाली कुणीतरी लहान लागतं. पोस्टर बनवताना मी बाबांचा फोटो घेतला, त्यांना न विचारता. कोपऱ्यात बसवला, नजर वर साहेबांकडे वळवली. जोडलेले हात मात्र दुसऱ्याच कुणाच्या फोटोतून कापून लावले. बाबांनी जन्मात कुणापुढे हात जोडले नव्हते. त्या परक्या हातांत एका अंगठ्याला नख नव्हतं.

"झकास! साहेब अगदी देव वाटतायत," प्रचारप्रमुख म्हणाले.

आज सकाळी पोस्टर चौकात लागलं. दुपारी जेवायला घरी आलो, तर बाबांचं ताट तसंच होतं. ते हात जोडून बसले होते.

"सकाळपासून सुटतच नाहीत रे," ते छताकडे बघत म्हणाले.

मी मान खाली घालून त्यांचे हात धरले.

एका अंगठ्याला नख नव्हतं.