मिठागरावरची लढाई

नलूनं खाडीचा काळा चिखल पत्र्याच्या पसरट ताटात थापला. वरून बारीक मीठ भुरभुरलं आणि ताट टेबलाच्या डाव्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधोमध बसवलं. लांबून पाहिलं तर वाटावं, मिठागर वाळून पडलंय. पांढरं, सपाट, घोडदळ उधळायला अगदी मोकळं. आता उद्यापर्यंत वर खपली धरायला हवी होती आणि आतला चिखल ओला राहायला हवा होता.

टेबल म्हणजे दोन पिंपांवर टाकलेली जुन्या दाराची फळी. नलूचे वडील, विश्राम सुभेदार, पलटणीतून उमरोळीला परतले ते शिशाच्या शिपायांनी भरलेली ट्रंक घेऊन. हा नाद त्यांना एका गोऱ्या कप्तानानं लावला होता. दर रविवारी रेल्वेतून निवृत्त झालेले चिंतूकाका यायचे आणि फासे टाकून लढाई व्हायची. रणांगण मात्र नलूचं. घोसाळ्याची वाळकी जाळी कातरून, हिरव्या रंगात बुडवून तिनं झुडपं केली होती. काथ्याला खळ लावून टेकड्या उठवल्या होत्या. काड्यापेट्यांची घरं होती, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची नदी होती. खेळाचे नियम बरेच होते, पण दोन पक्के. शिपाई आडवा झाला की मेला. आणि नलूच्या जमिनीबद्दल कुणी तक्रार करायची नाही.

तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. तिथल्या कचेरीत नकाशे उतरवायला माणसं हवी होती. नलूचा रेखाटनातला हात बघून तिथल्या साहेबांनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं होतं. सुभेदारांनी एका वाक्यात विषय मिटवला, "आपल्या घरातली पोर बोईसरला उतरून ट्रकांच्या धुळीतून कामाला जायची नाही."

सुभेदारांचा शब्द म्हणजे हुकूम. तो त्यांनी आजवर कधी मागे घेतला नव्हता, आणि घेता येत नाही याचाच त्यांना मोठा अभिमान होता. नलू रुसली, रडली, जेवायची राहिली. तेव्हा आतून गोजराआत्या कडाडली. ही सुभेदारांची थोरली बहीण. नलूची आई गेल्यापासून घर तिच्याच धाकात चालायचं.

"गप बस गो! जाशील, त्या चिंतूनं तुझ्या बापाला हरवलं का जाशील! काय रे विश्राम, हाय कबूल?"

सुभेदार पोट धरून हसले. चिंतूकाका आजवर एकदाही जिंकले नव्हते. टेकडीवर सैन्य मांडायचं आणि बिडी ओढत बसायचं, एवढंच त्यांचं युद्धशास्त्र. "कबूल! सुभेदाराचा शब्द!" मिशी पिळत ते म्हणाले.

आत्यानं टोमणा मारला होता. नलूनं तो उचलून धरला. कारण बाबांचं घोडदळ दर रविवारी डावीकडूनच उधळतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळीच आत्यानं तिला बोंबील आणायला पिटाळलं. नलू धावत परतली तेव्हा खिडकीतलं ऊन थेट ताटावर पडलं होतं. मिठागराच्या कडेला भेगा गेल्या होत्या. तिनं हळूच कडेवर बोट टेकवलं. दगड! मधला चिखल चाचपायला तिनं हात पुढे केला.

"हात नको लावू!" टेबलाला स्टूल चिकटवून बसलेली आत्या खेकसली. "लबाडी चालायची नाय. मी इथंच बसलेय राखण करीत."

मग नलूला काहीच करता येईना. चिंतूकाका आले, त्यांनी टेकडीवर सैन्य मांडलं आणि बिडी शिलगावली. सुभेदारांनी फासे टाकले. दान मनासारखं पडलं. "घोडदळ, चलो!" ते गरजले आणि त्यांनी पहिला घोडेस्वार मिठागरावर ठेवला. तो ताठ उभा राहिला. दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. सगळं पथक पांढऱ्या मिठावर दिमाखात उभं राहिलं. नलूनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात कुठंतरी 'पच' असा आवाज झाला.

पहिला घोडा नाकावर गेला. त्याच्या मागं दुसरा कलला. सुभेदारांनी सावरायला हात घातला, तशी आत्या ओरडली, "हात मागं! पडला तो मेला!" बघता बघता सगळं घोडदळ चिखलात आडवं झालं. उघड्या पडलेल्या पायदळाचा चिंतूकाकांनी बसल्या जागी, टेकडीवरून फासे टाकून फडशा पाडला.

"मी काय केलं?" बिडी विझली तरी काकांना उमगेना.

"जिंकलास, मेल्या!" आत्या म्हणाली.

सुभेदारांनी मिठागराकडे पाहिलं, मग नलूकडे. जमिनीबद्दल तक्रार नाही. ते उठले, ताठ झाले आणि चिंतूकाकांना त्यांनी कडक सलाम ठोकला. "नले, उद्याची सकाळची गाडी चुकवू नको," एवढं बोलून ते काकांना घेऊन चहाला बाहेर पडले.

नलू हवेतच होती. आवरताना तिनं ताट उचललं आणि ती थबकली. कडा अजून दगडासारख्या टणक होत्या, आणि मधला चिखल मात्र दह्यासारखा मऊ.

"ऊन लागून कवाच वाळला होता तुझा चिखल," आत्या बोंबलांची डोकी उडवत म्हणाली. "तू बाजारात गेलीस तेव्हा मध्ये पाणी मुरवलं, वरती मीठ भुरभुरलं."

"आत्या, तू? पण पैज तर तूच लावलीस ना!"

"मग?" आत्यानं मान वर केली नाही. "मी लावलेली पैज तुला हरू देईन का गो?"